डाव्या हाताचे चरे

१२ ऑगस्ट १८३३, जहाजावर

डॉक्टरसाहेबांच्या औषधपेटीचं कुलूप चार दिवस उघडत नव्हतं आणि पेटी फोडायला ते तयार नव्हते. शेवटी त्यांनी खाली निरोप धाडला, दोनशे चोरांत एखादा तरी कुलपाचा जाणकार असेल. मी वर गेलो, एक वाकडा खिळा मागितला आणि शिंक यायला लागते तेवढ्या वेळात पेटी उघडून दिली. भिकार कुलूप. आमच्या विलेनहॉल गावात कुणी असलं कुलूप केलं असतं, तर बायकोने त्याला जेवायला वाढलं नसतं. बक्षीस काय हवं, असं साहेबांनी विचारलं. मी ही कोरी वही मागितली. रविवारच्या शाळेत छड्या खाऊन लिहायला शिकलो होतो, त्याचा आज प्रथमच उपयोग होतोय.

मी जोसाया टिल्डस्ली, वय एकतीस. धंदा कुलपं करायचा, आणि अडचण आली की आपणच केलेलं कुलूप मालक झोपल्यावर जाऊन उघडायचा. जानेवारीत कारखानदार पर्शलच्या घरात शिरलो. त्याच्या दाराचं कुलूप माझ्याच हातचं, लोण्यासारखं उघडलं. आत पाऊल टाकलं तर जिन्याखाली तीन शिपाई दंडुके घेऊन बसलेले. माझ्या दोन बरगड्या मोडल्या, एकाचं नाक मी मोडलं. मार्चमध्ये न्यायाधीशाने डोक्यावर काळं फडकं ठेवून फाशी सांगितली, आणि आठ दिवसांनी दया म्हणून काळ्या पाण्यावर, जन्मभर.

बाहेर राखणीला डॅन पर्सहाउस होता. शिपाई दिसले की शीळ घालायची, एवढंच त्याचं काम. शीळ आली नाही. मी सात महिने त्या शिळेचाच विचार करतोय. डॅनलाही जन्मठेप झाली. एनॉक म्हणतो, शिपायांनी त्याला सोडायचं वचन दिलं असणार आणि मग हात वर केले असणार. तेच असणार.

एनॉक फरडे आमच्यातला तिसरा. त्या दिवशी नेमका त्याचा पाय मुरगळला म्हणून तो आला नाही, आणि वाचला. पुढे मे महिन्यात चांदीच्या चमच्यांसकट सापडला. सात वर्षांची शिक्षा झाली, आणि माझं नशीब म्हणजे त्याला याच जहाजावर घातलं.

आता खरी गोष्ट. डॉक्टरसाहेब सांगत होते, तिकडे वर्तन स्वच्छ ठेवलं तर बायकोला सरकार आपल्या खर्चाने आणून देतं. सात वर्षांवाल्यांनी एक वर्ष सांभाळायचं, आम्हा जन्मठेपवाल्यांनी दोन. वर्तनाच्या वहीत एक डाग पडला की अर्ज केराच्या टोपलीत. दोन वर्षं मी तोंड उघडणार नाही की हात उचलणार नाही. हॅना येईपर्यंत मी मेंढरू.

२० ऑगस्ट

एनॉक शेजारच्याच फळीवर झोपतो. आज त्याला हॅनाबद्दल खोदून खोदून विचारलं. मी तुरुंगात गेल्यापासून तो पकडला जाईपर्यंत त्याने तिला कोळसा आणून दिला, छपराचं गळकं बुजवलं. ती अजून उशीखाली कानस घेऊन झोपते आणि झोपेत दात खाते, असं त्याने सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. इतकं बारीक लक्ष ठेवणारा मित्र कुणाला मिळतो? स्वतःचं असं त्याला कुणीच नाही, अनाथालयात वाढलेला.

डॅन दुपारी जवळ आला. तो मुळात तोतरा, घाबरला की शब्द घशातच अडकतो. "जोसाया, ऐ... ऐक, त्या दिवशी मी..." एवढ्यात एनॉक मध्ये पडला आणि त्याला हाकलून दिलं. बरं झालं. माझे हात शिवशिवत होते.

९ सप्टेंबर

मेंढराचं कातडं चार आठवडे टिकलं.

डॅन त्याच्या टोळक्यात सांगत होता, जोसाया भलत्याच बिळात काठी घालतोय. एनॉकने ते ऐकून मला सांगितलं. पकडून देऊन वर मलाच मूर्ख ठरवतो! मी जेवणाचा पत्र्याचा डबा उचलला आणि डॅनच्या तोंडावर मारला, पुन्हा मारला. त्याचे पुढचे चार दात पडले, एक माझ्या बोटात रुतून बसला. तो हात जोडून काहीतरी सांगत होता, पण रक्ताने तोंड भरलं होतं.

मला शिडीला बांधून चोवीस फटके दिले. पहिले पाच मोजले. दहाव्यानंतर पाठ आपली राहत नाही, दुसऱ्याच कुणाची तरी असल्यासारखी वाटते. सोळाव्याला मुतलो. मीठपाणी ओतलं तेव्हा ओरडलो, त्याआधी नाही.

डॉक्टरसाहेब रागावले, पण जहाजाच्या नोंदी त्यांच्याच हातात आहेत. ते म्हणाले, हे एकदा मी लिहीत नाही, पुन्हा झालं तर लिहीन. मी त्यांच्या बुटांना हात लावायला गेलो, तर पाय मागे घेतले.

३ ऑक्टोबर

उकाडा. डेकवर नागवं करून बादल्या ओततात. एनॉक तेवढा गळ्याला फडकं बांधूनच आंघोळ करतो. घशाशी गाठ आलीय, उघडी दिसली तर साथीचा रोगी म्हणून वेगळं काढतील, असं म्हणाला. मी कुणाला सांगणार नाही.

२१ डिसेंबर, होबार्ट

कैद्यांच्या या बेटावर उतरलो. एका लांब खोलीत कारकून प्रत्येकाला विचारतो, नाव काय, धंदा काय, लग्न झालंय का. मी अभिमानाने सांगितलं, बायको हॅना, कानशीचं काम करते. माझ्यामागे पाच-सहा जण सोडून एनॉक होता. तो बाहेर आल्यावर म्हणाला, मी विवाहित लिहून दिलंय. मी पोट धरून हसलो. नाव काय सांगितलंस बायकोचं, म्हटलं, तर म्हणाला, "सुचलं ते सांगितलं गड्या. लग्न झालेल्यांना जरा माणसात धरतात." डोकं आहे त्याला.

मला रस्त्याच्या टोळीबरोबरच्या लोहारशाळेत घातलंय. काम एकच, माणसांच्या पायांत बेड्या रिव्हेटने ठोकायच्या. डॅन त्याच टोळीत आहे, दगड फोडायला.

१७ जून १८३४

सहा महिने हातात वही घ्यायलाही त्राण नव्हतं.

इथे सकाळ फटक्यांनी सुरू होते. तिकाटीला बांधतात आणि मारणारा प्रत्येक फटक्याआधी चाबकाच्या दोऱ्या बोटांनी विंचरून त्यातलं मांस काढतो. काल ज्याला मारलं त्याच्या पाठीवर मुंग्या चढल्या होत्या आणि तसाच त्याला दगड वाहायला लावला. एकाने परवा स्वतःच्या पायावर घण मारून घेतला, दवाखान्यात झोपायला मिळेल म्हणून. त्याला त्याच पायात बेडी ठोकायचा हुकूम आला. मी ठोकली. माझ्या वहीवर डाग नको.

लोक मला 'हॅनाचा नवरा' म्हणतात. येताजाता चिडवतात, हॅनाच्या नवऱ्या, हळू ठोक रे. चिडवू देत. एनॉकला त्यांनी मुकादम केलंय, हातात काठी आणि अंगावर धड कोट. त्याची चढती कमान पाहून मला आनंदच आहे.

आज डॅनला बेडी बदलायला माझ्यासमोर बसवलं. ऐरणीवर पाय, वर माझा हातोडा, कुणी ऐकायला नाही. म्हणाला, "शीळ क... कशी घालणार जोसाया? बाहेर कुणी आलंच नाही. ते आधीच आत... कुणीतरी आधीच..."

मी हातोडा रिव्हेटवर मारायचा तो मुद्दाम जरा बाजूला मारला. घोट्याचं हाड वाजलं. अपघात म्हणून नोंद झाली. तो पुन्हा बोलायला येणार नाही. समाधान वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. रात्रभर त्याचं कण्हणं ऐकलं, एवढं लिहून ठेवतो.

२ मार्च १८३५

एनॉकची बढती झाली, गावाजवळ स्वतंत्र खोपटं मिळालंय. जमीन झाडून घेतली, चूल बांधली. दाराला कुलूप मी करून दिलं. एकट्या माणसाला दोन माणसांचा पलंग कशाला, म्हणून मी चिडवलं. तो म्हणाला, तयार मिळाला.

१४ डिसेंबर

वही स्वच्छ आहे. कारकुनाने मला स्वतः पान दाखवलं, माझ्या नावाखाली सगळं कोरं. दोन जानेवारीला अर्ज द्यायचा. अर्जात बायकोचं नाव, गाव, धंदा लिहितात आणि आधीच्या अर्जांच्या यादीशी ताडून पाहतात. एनॉक रोज विचारतो, नक्की कधी देणार, कुणाकडे देणार. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त काळजी.

आज प्रथमच त्याच्या गळ्याचं फडकं सुटलेलं दिसलं. गाठ बरी झाली म्हणे. गळ्याभोवती दोरीचा पांढरा वळ तेवढा राहिलाय.

हॅनाचा चेहरा नीट आठवत नाही आणि त्याची भीती वाटते. तिचे हात आठवतात. आमच्या गावात सगळ्यांना कुबड, आठव्या वर्षापासून शेगड्यात लोखंड आवळून त्यावर वाकून कानस मारायची म्हणजे उजवा खांदा पुढे येतो. हॅनाचं कुबड मात्र डावीकडे. ती डावखुरी. तिच्या कानशीचे चरे उलट्या बाजूला झुकतात, आणि शेवटचा हात ती नेहमी उभा मारते. शंभर कुलपं ओतून टाका, तिचं मी अंधारात बोटांनी ओळखेन. तिला लिहिता-वाचता येत नाही. ते चरे हीच तिची सही.

१९ डिसेंबर

एनॉक सकाळी लोहारशाळेत आला. म्हणाला, सांगू की नको असं झालंय, त्या तोतऱ्याच्या गळ्यात काय आहे ते एकदा बघ.

दुपारी डॅन पाणी प्यायला वाकला तेव्हा पाहिलं. तांब्याची पेनी. आपल्या माणसाला निरोप देताना देतात तशी, राजाचं तोंड घासून सपाट केलेली, भोक पाडून दोरीत ओवलेली. वर एक फूल कोरलेलं. अशा पेन्या इथे निम्म्या माणसांच्या गळ्यात आहेत. मी चरे पाहिले.

उलटे. आणि शेवटचा हात उभा.

हॅनाने मला काही दिलं नव्हतं. तुरुंगात भेटायला आली तेव्हा नुसती रडली. मला वाटलं, गरिबीमुळे दिलं नसेल. मी एनॉकला विचारलं, डॅनकडे हे कसं? तो खाली बघून म्हणाला, "मी तिकडे असताना काही ऐकलं होतं, जोस. तुझ्या तोंडावर कसं सांगू?"

आता सगळं जुळलं. मला पकडून दिलं ते याचसाठी.

२२ डिसेंबर, होबार्टचा तुरुंग

वही मोज्यात होती म्हणून वाचली.

वीस तारखेला डॅनच्या बेडीचा रिव्हेट सैल झाला म्हणून त्याला आणलं. एनॉकनेच आणलं आणि स्वतः दारात उभा राहिला. डॅनने सवयीने पाय ऐरणीवर ठेवला. मी त्याच्या गळ्यातली दोरी धरून ओढली आणि विचारलं, ही कुठून आली? तो घाबरला. तोंड उघडलं, दात नसलेल्या हिरड्या दिसल्या. "ही... ही मला प... परवा..." पुढचा शब्द अडकला. मी वाट पाहिली नाही.

पहिला घाव कानशिलावर बसला. तो पडला नाही, ऐरणीला धरून उभाच राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मला राग आणणारं होतं, कारण ते भय नव्हतं, कंटाळा होता. मग मी मारत राहिलो. किती ते आठवत नाही. चेहरा संपला तेव्हा मी कशावर मारतोय हेही कळत नव्हतं. हातोड्याचा दांडा निसटला तेव्हा थांबलो. पेनी मुठीत तशीच होती, दोरी तुटून माझ्या बोटांभोवती गुंडाळलेली.

एनॉक दारात होता. त्याने हाक मारली नाही, अडवलं नाही. सगळं संपल्यावर ओरडत पहारेकऱ्यांकडे धावला.

दोन वर्षांचं कोरं पान गेलं. हॅनाला आता मी बोलावणार नव्हतोच. मग इतकं रिकामं का वाटतंय?

११ जानेवारी १८३६

खटला सकाळी सुरू झाला आणि जेवणाआधी संपला. एनॉकने साक्ष दिली, पाहिलं तेवढंच सांगितलं, एक शब्द खोटा नाही. जाताना त्याने तंबाखू पाठवली. परवा सकाळी फाशी.

पेनी माझ्याकडेच आहे. राजाचं तोंड घासलेली, बाजारात चालत नाही, म्हणून कुणी घेतली नाही.

त्याच दिवशी, नंतर

पाद्रीबाबा आले होते. म्हातारा भला माणूस, मरणाऱ्यापुढे काय बोलावं ते त्यांना सुचत नाही, म्हणून चांगल्या बातम्या शोधून आणतात. म्हणाले, तुझ्या गावच्या त्या मुकादमाची बायको येतेय, फेब्रुवारीच्या जहाजाने. यादी पुढे आलीय.

मी म्हटलं, बाबा, त्याचं लग्न झालेलं नाही.

"असं कसं? त्याने गेल्या जानेवारीतच अर्ज केला होता. बाईने तिकडे स्वतः फुली मारून होकार दिलाय." त्यांनी खिशातून कागद काढला, चष्मा लावला. "हॅना. विलेनहॉलची. धंदा, कुलपांचं कानसकाम."

ते आणखी बरंच बोलले.

ते गेल्यावर ही वही पहिल्यापासून वाचली. माझ्याच हाताने सगळं लिहिलंय. मुरगळलेला पाय. आत बसलेले शिपाई, ज्यांच्यासाठी बाहेर शीळ कुणी घालायची? ती झोपेत दात खाते हे त्याला माहीत होतं. गळ्याचं फडकं. दोरीचा वळ. परवा दिली, असं डॅन सांगत होता. अडीच वर्षं तो एक वाक्य पुरं करायला धडपडत होता आणि मी त्याला दर वेळी मारलं.

चरे मी बरोबर वाचले. हात तिचाच होता. गळा चुकलो.

१२ जानेवारी

पाद्रीबाबांना सांगून टाकावं का? एनॉकचा अर्ज खोटा आहे म्हटलं तर त्याचं खोपटं, कोट, काठी सगळं जाईल, फटके बसतील. सकाळी दोनदा तोंड उघडलं. पण मग मी पकडून देणारा झालो, ज्या गुन्ह्यासाठी मी डॅनचा चेहरा ठेचला तोच केला. आणि ती भर समुद्रात आहे. इथे उतरल्यावर तिला कुणी सांगेल, तू ज्याची बायको म्हणून आलीस तो साखळीत आहे, आणि ज्याची खरी होतीस तो लटकला. मग तिला कैदी बायकांच्या कारखान्यात टाकतील, नाहीतर कुठल्या शेतमालकाच्या दारात. मला तिचा राग येतो, इतका की दात आवळून दुखतात. तरी ते मी तिच्यावर आणणार नाही.

पण तिला कळलं पाहिजे. त्यालाही.

दिवसभर पेनी फरशीच्या दगडावर घासली. बोटांची कातडी गेली. संध्याकाळपर्यंत तिचं फूल पुसलं, उलटे चरे पुसले. मग माझ्याच बेडीच्या रिव्हेटची धार घेऊन वरून माझे चरे मारले, उजवीकडे झुकलेले, जवळजवळ, शेवटचा हात आडवा. आमच्या शेगड्याशी ती सात वर्षं माझ्यासमोर बसून काम करत होती. माझा हात ती अंधारात ओळखेल.

दुसऱ्या बाजूला दोनच अक्षरं खरवडली, डॅन पर्सहाउसच्या नावाची. एनॉकला वाचता येतं.

देवाने मला क्षमा करावी असं मी म्हणणार नाही. डॅनने करावी असं म्हणायची मला लाज वाटते. मी त्याला एकदा, एकदाच, बोलू द्यायला हवं होतं.

१३ जानेवारी

पहाटे पाद्रीबाबा आले. वही त्यांच्याकडे देतोय, जाळून टाका म्हटलं. पेनी वेगळी दिली. जहाज आलं की एनॉकच्या घरी जाऊन दोघांसमोर तिच्या हातात ठेवा, अशी शपथ घ्यायला लावली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि हे काय, म्हणून विचारलं.

मी सांगितलं, लग्नाचा आहेर आहे.

ते म्हणाले, शेवटच्या दिवशी मन इतकं मोठं करणारी माणसं त्यांनी फार थोडी पाहिलीत.